घागरीवरचा ठेका

शिरपूर जैनमध्ये सैफुद्दीनच्या दुकानातून दिव्याखाली पाहिलेलं कापड कोणी घरी नेत नाही. गिऱ्हाइकाला कापडाचं थान पसंत पडलं की सैफुद्दीन ते काखेत मारतो, पायऱ्या उतरतो आणि भर रस्त्यात उन्हात पसरतो. "आता पाह्य," म्हणतो. रंग टिकला तर कात्री, नाही टिकला तर थान परत फळीवर. यात त्याची किती विक्री बुडाली ते त्याची बायको मेहरबी सांगेल, आणि न विचारता सांगेल.

ही खोड त्याला बापाकडून आली. बाप हसनैन टेलर. या माणसाच्या उजव्या हाताच्या बोटातला अंगुस्ताना, म्हणजे सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ती पितळी टोपी, कधी निघायची नाही. जेवायलाही तो तसाच बसे. निकाहसुद्धा अंगुस्ताना घालूनच कबूल केला असं लोक म्हणतात. मी नव्हतो तिथे, पण काझीच्या भावाने मला सांगितलं, आणि काझीचा भाऊ कशाला खोटं बोलेल? बरं, तो बोलायचा. पण हे खरं असावं.

हसनैनचा दुसरा नाद घागर वाजवण्याचा. चाळीस वर्षांपूर्वी गावातल्या एका लग्नात दुपारच्या जेवणानंतर गाण्याची बैठक जमली आणि कोणीतरी टेपरेकॉर्डर चालू केला. ती कॅसेट सैफुद्दीनने जपून ठेवली आहे. गाणं सुरेख, खाली पितळी घागरीचा ठेका. फक्त दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर ठेका धप्पकन तुटतो, गाणारा थांबतो, लोक हसतात, आणि मग गाडी पुन्हा रुळावर येते.

आता भांडण असं. त्या दुपारी घागरीपाशी दोघे बसले होते, हसनैन टेलर आणि वस्तीवरचे धरमसिंग. धरमसिंगचा मुलगा उदयसिंग हा सैफुद्दीनचा बालमित्र, सोयाबीनवाला. सैफुद्दीन म्हणणार ठेका अब्बांचा, तुटला तेव्हा धरमसिंगने हात घातला होता. उदयसिंग नेमकं उलटं म्हणणार. चहाच्या टपरीवर मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की एखाद्याचा घसा बसला तर त्याची वाक्यं मी म्हणून देईन.

यंदा सैफुद्दीनच्या मुलीचं, जोयाचं लग्न ठरलं. त्याने जाहीर केलं की मांडवात ती कॅसेट वाजवणार आणि नवरीच्या आजोबांचा ठेका म्हणून सांगणार. उदयसिंग शांतपणे म्हणाला, "सांग ना. मी उठून उभा राहीन अन् खोटं हाय म्हनीन. पाव्हण्यासमोर."

सैफुद्दीन घाबरला नाही. त्याचं गणित सरळ होतं. अब्बांच्या बोटात अंगुस्ताना होताच. मग पितळेवर पितळ वाजल्याची टिकटिक ठेक्याखाली असलीच पाहिजे. घरातल्या त्याच्या स्टिरिओ संचावर ती ऐकू येत नव्हती, एवढंच. नुसतं ढब ढब. त्यात त्याला संचाचा दोष दिसला, बापाचा नाही.

तो कॅसेट खिशात घालून वाशिमला वीरेंद्रच्या दुकानात गेला. वीरेंद्र स्टिरिओ जुळवून देतो, सैफुद्दीनचा संचही त्यानेच जुळवलेला. त्याने समजावलं की स्पीकर चांगले आहेत, आवाज वाढवणारा मोठा अँपही दमदार आहे. पण कॅसेटचा आवाज मोठ्या अँपकडे जाण्याआधी त्याला हातात घेणारा जो भाग, तो चिखल करतो. तिथे वेगळा प्रीअँप लावा. "पन चाचा, टेपात नसन ते डबा कुठून आनन?" असंही तो म्हणाला. चाचा म्हणाले, "हाय. तू लाव."

प्रीअँपचे तीन डबे निघाले. पहिल्यावर निळे-लाल दिवे नाचत होते. तो लावताच दुकान हाललं, आणि वीरेंद्रने विजयी चेहरा केला. सैफुद्दीन उभी हयात काउंटरमागे काढलेला माणूस. तो म्हणाला, "तू दिवा मोठा करून कापड दाखवून राह्यला. तिन्हीचा आवाज एक ठेव, मंग आयकू." वीरेंद्र ओशाळला. आवाज सारखे केले तसा दिवेवाला डबा पार उघडा पडला. ढब ढबच.

दुसरा जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. गोड, तुपासारखा. आणि त्यात टिकटिक आली! सैफुद्दीनचे डोळे भरले. दुसऱ्या गाण्यात ठेका तुटला, लोक हसले, पण कोणामुळे तुटला ते त्या तुपातच विरून गेलं.

तिसरा डबा अगदी रुक्ष. एक बटण, एक खटका. त्यातून टिकटिक नखासारखी स्वच्छ आली. दुसऱ्या गाण्यात मात्र टिक, टिक, आणि मग काहीतरी बारीक उडालं, फरशीवर पडलं, घरंगळत लांब गेलं. त्यासरशी ठेका तुटला. अंगुस्ताना उडाला होता. चूक अब्बांचीच.

वीरेंद्रला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो व्हॉल्व्हच्याच डब्याची तारीफ करत होता. सैफुद्दीनने तिसरा पुन्हा एकदा ऐकला, मग म्हणाला, "हा बांध."

दुसऱ्या दिवशी उदयसिंग बायकोला, रुपाबाईला घेऊन ऐकायला आला. टिकटिक सुरू झाली तशी त्याची मान खाली गेली. मग दुसरं गाणं लागलं, अंगुस्ताना घरंगळला, आणि मान वर आली.

"म्हंजे चुकला तो बी तुहाच बाप."

"माहाच."

"तुले हे ठाऊक होतं?"

"वीरेंद्रच्या दुकानातच आयकलं." आणि दुसऱ्या डब्याची हकीकतही सैफुद्दीनने सांगून टाकली.

उदयसिंगने विचारलं, "मंग तोच काहून नाई आनला?"

"त्यात अब्बा अर्धेच येत होते."

रुपाबाई मेहरबीला म्हणाली की या दोघांना चाळीस वर्षं बोलायला विषय होता, आता काय करतील? मेहरबी म्हणाली, काळजी नको, नवा काढतील.

मांडवात कॅसेट वाजली. सैफुद्दीनने माइक घेऊन सांगितलं की हा ठेका जोयाच्या आजोबांचा, आणि पुढं तुटेल तोही त्यांचाच. उदयसिंग उठला नाही. ठेका तुटला तेव्हा कॅसेटमधले लोक आणि मांडवातले लोक एकदमच हसले, आणि सगळ्यात मोठ्यांदा उदयसिंग.

मेहरबीचं म्हणणं मात्र आठ दिवसांत खरं झालं. टपरीवर उदयसिंगने मुद्दा काढला की अंगुस्ताना पडल्यावर पुढं टिकटिक नाही. म्हणजे तिथून शेवटपर्यंत धरमसिंग.

सैफुद्दीनने चहा संपवला, खिशातून कॅसेट काढून त्याच्यापुढे ठेवली. "घरी ने, आयक," तो म्हणाला. "पन डबा तुहा तू निवड."