डांबरी रस्त्याच्या अलीकडे

टायरमधली हवा सोडल्याचा आवाज आला की मला सौदीतल्या जुबैल शहरामागचं वाळवंट आठवतं. उंटांच्या फार्मवर पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेलो होतो, तर तिथला सुदानी राखणदार पोट धरून तळमळत होता. वाळूत रुतू नये म्हणून पठाण ड्रायव्हरने टायरमधली थोडी हवा सोडली आणि आम्ही त्याला पिकअपमध्ये घालून दवाखान्याकडे निघालो. प्रत्येक गचक्याला तो किंचाळायचा, माझा हात दाबून "शवय, शवय", हळू हळू, अशी विनवणी करायचा. ड्रायव्हर म्हणाला, "जल्दी पहुँचना है, भाई." मीच ओरडलो, "धीरे चलाओ!" डांबरी रस्ता दिसला तोवर त्याची पकड सुटली होती. ड्रायव्हर मला एका शब्दानेही बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं, असं अजून वाटतं.