डाव्या खांद्याची बंदूक

मुरुमच्या बाजारातलं आमचं बंदुकांचं दुकान वडिलांपासूनचं. परवान्यात बनवणं आणि दुरुस्ती दोन्ही बसायचं, पण नवी बंदूक मागायला कितीतरी वर्षांत कुणी आलं नव्हतं. पिकाच्या राखणीसाठी घेतलेल्या जुन्या ठासणीच्या बंदुका तेवढ्या यायच्या. नळीच्या तोंडातून दारू भरायची, वरून गजानं ठासायची, अशा त्या बंदुका. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या आणि गंजून परत यायच्या. तो गंज काढणं एवढंच माझ्याकडं उरलं होतं. कानस चालवून चालवून उजवा खांदा धरला होता, बारीक काम दिसेनासं झालं होतं. बायको म्हणायची, पुरे करा आता. माझ्याही मनातून दुकान उठलंच होतं, फक्त शटर कायमचं ओढायचं राहिलं होतं.

अशात एक दिवस सास्तूरकडची एक बाई नवऱ्याची बंदूक पोत्यात गुंडाळून घेऊन आली. पन्नाशी उलटलेली, अंगानं किरकोळ. नवरा आदल्या वर्षी वारला होता. परवाना तिनं खटपट करून स्वतःच्या नावावर करून घेतला होता. शेत ओढ्याकाठी, रानडुकरं कळपानं यायची आणि भुईमूग उकरून टाकायची. फटाके लावून झाले होते, डुकरं त्याला सरावली होती. तिला जनावर मारायचं नव्हतं, नुसता बार काढायचा होता.

अडचण वेगळीच होती. लहानपणी ज्वारीचं धसकट लागून तिचा उजवा डोळा गेला होता. त्यामुळं बंदूक डाव्या खांद्याला लावावी लागायची. जुन्या बंदुकीचा घोडा असतो नळीच्या उजव्या अंगाला. घोडा दारू पेटवणाऱ्या तांब्याच्या टोपीवर आपटला की ठिणगी बाजूला उडते, आणि डाव्या खांद्यावर बंदूक धरली की नेमका गाल तिथंच येतो. तिनं पदर सारून गाल दाखवला. काळे बारीक ठिपके कातडीत रुतले होते.

"एकच डोळा ऱ्हायलाय, मिस्तरी," ती म्हणाली. "त्यो तरी वाचवा."

मी टाळायला बघितलं. ही बंदूक तुमच्या कामाची नाही, म्हणालो. घोडा नळीच्या बरोबर मागं, एका रेषेत बसवला तर आग सरळ पुढं जाईल, तोंडावर येणार नाही. पण तुमच्या अंगाला झेपायची तर नळीही बारीक घ्यावी लागेल, म्हणजे दारू कमी लागेल, धक्का कमी बसेल. थोडक्यात सगळी बंदूकच नवी करावी लागेल. बोलता बोलता मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेत होतो.

"मग करा की," ती म्हणाली.

आधी मंजुरीसाठी धाराशिवच्या जिल्हा कचेरीत खेपा झाल्या. कचेरीतल्या साहेबाला घोडा मागं का न्यायचा ते पटवायला तिला स्वतःला न्यावं लागलं. तिनं तिथंही गाल दाखवला. मंजुरी आली तेव्हा मला आनंद झाला नाही. वाटलं, आता सुटका नाही.

उन्हाळाभर ते काम पुरलं. पत्रा तापायचा, घामानं चष्मा घसरायचा. पहिल्या घोड्याची स्प्रिंग नरम निघाली, टोपी फुटेना. दुसरी फार कडक झाली, तिच्या बोटांना ओढवेना. ती येऊन मुकाट स्टुलावर बसायची, घोडा ओढून बघायची आणि मान हलवायची. मी परत कानस घ्यायचो. खांद्याला टेकवायचा दस्ता शिसवी लाकडाचा केला. शिंप्यानं माप घ्यावं तसं तिच्या खांद्यापासून बोटापर्यंत माप घेतलं, आणि वजन कमी व्हावं म्हणून मुठीपाशी लाकूड बारीक केलं. गावाबाहेरच्या बंद खाणीत आधी दोरी बांधून लांबून बार काढला, मग बंदूक तिच्या हातात दिली. आवाज झाला, धूर पुढं गेला. तिनं गालावरून हात फिरवून बघितला. मी दोरी गुंडाळायला घेतली.

भुईमूग निघायच्या सुमाराला ती परत आली. लंगडत होती. टॉवेलात बंदूक, दस्ता मुठीपाशी मोडून दोन तुकडे झालेले.

झालं असं की पहाटे कळप आला, तिनं बार काढला, बाकीची पळाली. एक नर मात्र थेट अंगावर आला. ठासणीची बंदूक परत भरायला वेळ लागतो, तो तिला मिळालाच नाही. तिनं नळी धरून दस्ता त्याच्या नाकाडावर घातला. दस्ता मोडला, ती पाटात पडली, गुडघा फुटला. डुक्कर पळालं.

मी म्हणालो, "अक्का, सोडा आता ती राखण."

"सोडते. मग खाऊ काय?"

मी खांदा सांगितला, डोळे सांगितले, दुकान बंद करतोय तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माजा बी खांदा दुकतोय, मिस्तरी," एवढंच म्हणाली, आणि नेहमीच्या स्टुलावर बसून राहिली.

मी दुसरा दस्ता केला, मुठीला जाड, आतून लोखंडी पट्टी घातलेला. हातात घेऊन ती म्हणाली, जड झाली. मी म्हणालो, होणारच. तशीच ती घेऊन गेली.

दिवाळीनंतर मी परवाना परत केला. दुकानात आता भाच्याचं मोबाईलचं सामान असतं. तिचा अधूनमधून फोन येतो, टोप्या संपल्या, कुठं मिळतील म्हणून. मी सोलापूरचा पत्ता सांगतो. मग ती विचारते, खांदा कसा हाय. मी म्हणतो, तसाच.