आडव्या ठेवलेल्या अठ्ठेचाळीस बाटल्या

जप्तीच्या दारूची खोली म्हणजे काय प्रकरण असतं, ते बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. वर पत्रा, खाली फरशी, खिडकीला दुहेरी जाळी आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पेट्याच पेट्या. कुठे प्लास्टिकचे कॅन, कुठे गाडीच्या सीटखालून निघालेल्या चपट्या बाटल्या, तर कुठे एका महाभागाने पोटाला बांधून आणलेल्या रबरी पिशव्या. प्रत्येकीच्या गळ्यात दोरी, दोरीच्या गाठीवर लाख, लाखेवर सरकारचा शिक्का. खटल्याचा निकाल लागून माल सरकारजमा होईपर्यंत त्यातला थेंब इकडचा तिकडे होता कामा नये. निकाल लागला की चार माणसांसमोर अंगणात ओतायचा, म्हणजे सुटलो. तोवर या सगळ्या पसाऱ्याला जबाबदार एकच माणूस, आणि तो माणूस म्हणजे कुलूपबाई.

आता हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण पगारपत्रक सोडलं तर खरं नाव कुणाच्या तोंडी राहिलंच नव्हतं. तीस वर्षं त्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला होती. कुलूप लावलं की तीनदा हिसका द्यायच्या, जिना उतरायच्या, आणि परत वर जाऊन चौथ्यांदा द्यायच्या. कचेरी हसायची. हसू दे! तीस वर्षांत सात साहेब आले आणि गेले, दोघे तर चौकशी होऊन गेले, पण नोंदवहीतला ‘घट’ नावाचा रकाना कुलूपबाईंनी कोरा ठेवला होता. त्या रकान्याचा त्यांना केवढा अभिमान! कुणाला लेकीच्या मार्कांचा नसेल एवढा.

शिवाय त्यांची स्वतःची एक रीत होती, जी कुठल्या नियमात नव्हती. महागाची बाटली आली की तिच्या पोटावर उभी कागदी पट्टी चिकटवायची, आतल्या दारूची पातळी जिथे असेल तिथे पेन्सिलीची बारीक रेघ ओढायची, आणि शेजारी तारीख घालून साहेबांची सही घ्यायची. दरवर्षी तपासणीला पुन्हा तेच. साहेब लोक वैतागायचे. "बाई, बाटल्या आहेत की बाळं? उंची कसली मोजताय?" म्हणायचे आणि सही करायचे. न करून सांगतात कुणाला, बाई पुढ्यातून हलायच्याच नाहीत.

एवढं करून बाईंच्या वाट्याला काय आलं? संशय. दिवसभर त्या खोलीत उभं राहिलं की कपड्यांना वास लागतो, तो काही किल्ली फिरवून आत कोंडता येत नाही. गल्लीतून घरी येताना लोक एकमेकांना कोपरखळ्या मारायचे. कुणाच्या घरी कार्य निघालं की रात्री हळूच दार वाजायचं, "एखादी बाटली निघेल का हो?" सख्खी नणंद तर भर पंगतीत म्हणाली होती, "आमच्या वहिनीला काय कमी? हात घालील तिथे बाटली!" बाईंनी आयुष्यात दारूचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता. किती शपथा घेतल्या, पण शपथ जेवढी मोठी तेवढं समोरच्याचं हसू मोठं. त्या हसण्याने बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शेवटी त्यांनी बोलणंच सोडलं. कोरा रकाना तेवढा त्यांच्या बाजूने बोलत होता.

आणि निवृत्तीला पाच महिने उरले असताना तोच दगा द्यायला निघाला.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी एक दुधाचा टँकर पकडला होता. वर दूध, खाली चोरकप्पा, कप्प्यात सहाशे बाटल्या. टँकरवाला मोठं प्रस्थ होतं. त्या सहाशेंत अठ्ठेचाळीस बाटल्या भारी व्हिस्कीच्या होत्या, जाड काचेच्या, बुचाच्या. बाईंनी रीतीप्रमाणे पट्ट्या लावल्या, रेघा ओढल्या. पहिल्या वर्षी पातळी बोटभर उतरलेली दिसली. पत्र्याखाली उन्हाळा काढलाय, उडाली असेल थोडी, असं त्यांनी मनाला समजावलं. दुसऱ्या वर्षी पेट्या उघडल्या आणि त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. सगळ्याच उतरल्या होत्या, पण नऊ बाटल्या अर्ध्याच्याही खाली! लाख जशीच्या तशी. दोरी जशीच्या तशी. साहेबांनी न बघताच रेघेवर सही ठोकली आणि जेवायला गेले. बाईंनी वही उघडली, ‘घट’ या रकान्यावर पेन टेकवलं, आणि हात धजलाच नाही. उद्या लिहू म्हणून वही मिटली. तो उद्या काही आला नाही. आलं ते कोर्टाचं समन्स. सगळा मुद्देमाल हजर करा, आणि सांभाळणाऱ्या बाईंनाही.

समन्सची बातमी फुटायला वेळ लागला नाही, टँकरवाल्याची माणसं कचेरीतही होतीच. माल कमी भरला तर मूळ जप्तीच खोटी म्हणायला त्याचा वकील मोकळा, म्हणजे टँकर परत, दारू परत, आणि चोर कोण, तर कुलूपबाई.

हेडक्लार्क मात्र निवांत. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "बाई, एवढं काय मनाला लावून घेता? कोरा चहा गार करायचा, गाळायचा आणि भरायचा. रंग हुबेहूब! लाख आपली, शिक्का आपला. विचारतोय कोण?"

"आणि माझ्या रेघा?"

"खोडरबर आहे की!"

बाई उठल्या. "खोडरबर तुम्हाला लखलाभ. परत हा शब्द काढलात, तर तुम्ही काय सांगितलंत तेही कोर्टात सांगेन."

आवाज चढला खरा, पण घरी येईपर्यंत अवसान गळालं. कारण मोठा प्रश्न तसाच होता. लाख शाबूत, तर दारू गेली कुठे? खोलीला किल्ली एक, ती त्यांच्याच कमरेला. स्वतःवरच संशय घ्यायची पाळी आली होती.

त्यांचा नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. बोलायचा कमी, ऐकायचा जास्त. त्या संध्याकाळी एक यंत्र उघडून बसला होता. बाईंनी सगळं सांगितलं, सांगता सांगता रडल्या. तो ऐकत राहिला आणि मध्येच म्हणाला, "बाटल्या ठेवल्या होत्यास कशा?"

"कशा म्हणजे? नीट. आडव्या."

"आडव्या? का गं?"

"अहो, मागे त्या बंगल्यावर धाड पडली तेव्हा बघितलं होतं मी. भारी बाटल्या सगळ्या लाकडी घोडीवर आडव्या, वरून मऊ कापड. म्हटलं, महागाचा माल असाच ठेवतात. म्हणून खास जागा करून दिली मी त्यांना. बाकीच्या सगळ्या उभ्या."

नवऱ्याने यंत्र पुसायच्या स्पिरिटची बाटली उचलली आणि तिचं बूच काढून बाईंच्या तळहातावर ठेवलं. बोटाने दाबलं तर त्याचा भुगा झाला. "मागच्या महिन्यात खोक्यात कलंडून पडली होती, तेवढ्यात ही गत. कडक माल बूच खातो. तो बंगलेवाला द्राक्षाची दारू ठेवत असेल, ती चालते आडवी. ही नाही चालत."

बाई त्या भुग्याकडे बघत राहिल्या. चोर सापडला होता. चोर म्हणजे त्या स्वतः, आणि तेही जास्तीची काळजी घेतली म्हणून!

"हे सांगायचं का कोर्टात?" त्यांनी विचारलं. "साहेबांनी ठेवायला सांगितल्या म्हटलं तरी चालेल. ते साहेब बदलून गेलेत."

"त्यांनी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग?"

बाईंनी डोळे पुसले आणि भाकरी थापायला घेतल्या. त्यांचं ठरलं होतं.

कोर्टात गर्दी ही! टँकरवाला पहिल्या बाकावर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, जणू त्याचाच सत्कार आहे. त्याचा वकील बाईंच्या हात धुऊन मागे लागला. नऊ बाटल्या त्याने टेबलावर ओळीने मांडल्या. "तीस वर्षं दारूची किल्ली हिच्याकडे. बाटल्या अर्ध्या. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

बाईंनी पदर खोचला. "साहेब, बाटल्या आडव्या मी ठेवल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. दारूने बूच खाल्लं आणि ती उडून गेली. ही चूक एक. दुसरी चूक, मला ते दिसलं त्या दिवशी मी वहीत घट लिहिली नाही. तीस वर्षांचा कोरा रकाना होता, हात धजला नाही. पण रेघा बघा. दर वर्षाची रेघ आहे, शेजारी त्या वर्षीच्या साहेबांची सही. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस बाटल्या उतरल्यात, कुठली कमी, कुठली जास्त. चोरणारा प्रत्येक बाटलीतून बोटबोटभर चोरत बसेल का?"

न्यायाधीशांनी एक बाटली मागवून घेतली, लाख भिंगातून बघितली, रेघा बघितल्या आणि शिपायाला बूच काढायला सांगितलं. दोरी कापली, बूच ओढलं, तर निम्मं हातात आलं आणि निम्मं चुरा होऊन टेबलावर सांडलं.

वकील चवताळला. हातचा घास जातोय हे त्याला दिसत होतं. "अहो, तीस वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईला एवढंही कळत नाही? कधीमधी घेणारा माणूससुद्धा सांगेल, व्हिस्की उभी ठेवतात!"

"सांगत असेल, साहेब," बाई म्हणाल्या. "मी कधीमधीसुद्धा घेत नाही."

आधी मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं कोर्ट. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "वकीलसाहेब, बाईंच्या बाजूने याहून चांगली साक्ष आम्हाला मिळाली नसती. बसा." टँकरवाल्याचे पांढरे कपडे घामाने पाठीला चिकटले होते.

निकाल लागला. माल सरकारजमा, टँकर सरकारजमा. आठवड्याभराने कचेरीच्या अंगणात सहाशे बाटल्या एकेक करून ओतल्या. बाई शेवटच्या बाटलीपर्यंत उन्हात उभ्या होत्या. मग त्यांनी वही मांडीवर घेतली आणि ‘घट’ या रकान्यात स्वच्छ अक्षरात नऊचा आकडा आणि इतर एकोणचाळीसांची बोटं लिहिली. या वेळी हात धजला.

पण चूक ती चूकच. वरून कागद आला. नव्या साहेबांनी बाईंना बोलावलं, आणि त्यांचंच तोंड उतरलेलं. "बाई, तुमच्या सेवापुस्तकात शेरा जातोय. तीस वर्षांतला पहिला. मला फार वाईट वाटतंय. आपण वर अर्ज करू, निघेल तो."

बाईंनी चष्मा लावला आणि कागद वाचला. ‘सदर कर्मचाऱ्यास मद्याविषयी प्राथमिक माहितीदेखील नसल्याने, तसेच त्यांनी घटीची नोंद वेळेवर न केल्याने, त्यांना सक्त ताकीद देण्यात येत आहे.’ एकदा वाचला. पहिली ओळ परत वाचली, बोट ठेवून. साहेबांना वाटलं, आता रडतात. बाईंच्या तोंडभर हसू!

"अर्जबिर्ज काही करू नका, साहेब," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी घसा कोरडा करून सांगितलं, मला यातलं काही कळत नाही. गल्लीने ऐकलं नाही, घरच्यांनी ऐकलं नाही. आता सरकारने लिहून दिलंय. मला याच्या दोन प्रती द्या, सहीशिक्क्यानिशी."

साहेबांनी शाईचा डबा उघडला आणि दोन्ही प्रतींवर शिक्का मारून दिला.