स्क्रीनवरचा नॅपकिन

माझी वहिनी हट्टी आहे आणि डॉक्टर आहे. आधी हट्टी, मग डॉक्टर. रोग ओळखायला मदत करणारा कॉम्प्युटर आला, तेव्हा बाकीचे डॉक्टर स्क्रीनकडे बघून औषधं लिहायला लागले. हिने काय करावं? स्क्रीनवर नॅपकिन टाकला. लक्षणं भरायची, नॅपकिन टाकायचा, आपला अंदाज मोठ्याने बोलायचा आणि मगच नॅपकिन उचलायचा. कुठल्या आजाराची शक्यता शंभरात किती, ते कॉम्प्युटर क्रमाने दाखवतो. "आधी त्याचं वाचलं तर मी त्याचीच री ओढेन," ती म्हणायची. मी तिच्याच दवाखान्यात नोंदणीला बसते. नॅपकिन धुवायचं काम माझ्याकडे, त्यामुळे मला या तत्त्वाचं फारसं कौतुक नव्हतं.

एका दुपारी दादा, म्हणजे माझा भाऊ आणि तिचा नवरा, पाठ धरून दवाखान्यात आला. चेहरा उतरलेला, पण तोंड चालू.

"सकाळी कपाट सरकवलंस ना, ते भोवलं," वहिनी म्हणाली. तो हो म्हणाला. तिने भराभर सगळं भरलं, नॅपकिन टाकला आणि म्हणाली, "स्नायू आखडलाय." नॅपकिन उचलला. कॉम्प्युटरही तेच म्हणत होता, शंभरात नव्वद. मी हुश्श केलं. दादा शर्टाची बटणं लावायला लागला.

वहिनी खुर्चीतून हलली नाही. "कपाटाचं मी बोलले, हा नाही," ती म्हणाली. "मला स्नायूच हवा होता. मी तेच भरलं आणि कॉम्प्युटरने तेच परत दिलं." तिने सगळं पुसून टाकलं आणि मला खुर्चीत बसवलं. "स्क्रीन विचारेल ते शब्दाला शब्द विचार. हा सांगेल तेच भर. मी बाहेर थांबते."

"अगं, मी बहीण आहे त्याची. मला नाही का आशा?"

"आहे. पण कुठल्या उत्तराने कुठला आजार वर येतो, ते तुला कळत नाही."

दार लागलं. मी विचारलं, दुखणं सुरू झालं तेव्हा काय करत होतास? दादा म्हणाला, "पेपर वाचत बसलो होतो. कपाट केव्हाच सरकवून झालं होतं. एकदम आलं, आतून काहीतरी फाटल्यासारखं."

"मग मघाशी का नाही बोललास?"

"ती कपाट म्हणाली. मला बरं वाटलं."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. सगळं भरलं. स्नायू अजून वरच होता, पण त्याखाली दुसरं नाव आलं होतं, शंभरात वीस: हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीचा आतला पदर फाटणं. खाली सूचना होती, दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर मोजा.

मी वहिनीला हाक मारली. तिने एक हात मोजला, दुसरा मोजला, पुन्हा पहिला मोजला. दोन्हींत बराच फरक होता. तो आकडा मला भरूही न देता तिने अँब्युलन्सला फोन लावला.

"वर तर स्नायूच लिहिलंय," दादा कुरकुरला.

"असू दे. स्नायू निघाला तर माझं हसं होईल, होऊ दे. आडवा हो. हलायचं नाही."

मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन झालं. पदर फाटलेलाच होता. लगेच ऑपरेशन झालं आणि दादा वाचला. आता आम्ही कपाटाला हात लावू देत नाही म्हणून आमच्यावर डाफरतो.

परवा नॅपकिन वाळत घालताना मी वहिनीला विचारलं, "त्या दिवशी बाहेर काय करत होतीस गं?"

"दाराची कडी धरून उभी होते."

"कोणी आत येऊ नये म्हणून?"

"मी आत येऊ नये म्हणून."