अण्णांच्या गाडीतली गरम हवा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी पलीकडच्या माणसाची उलटतपासणी घेतली. नंबर अनोळखी होता, आणि अनोळखी नंबरवरून कुणी रडका आवाज काढला तर लगेच विश्वास ठेवायचा नाही, हे मला अण्णांनीच शिकवलेलं. "कोण बोलतंय? आईला फोन द्या," मी म्हणाले. "अगं मंजे, शेजारचा शंकरतात्या बोलतोय. आण्णा गेलं गं तुझं. पूजा करून खुर्चीत टेकलं, अन् बसल्या जागी..." तरी आईचा आवाज ऐकेपर्यंत मी खरं मानलं नाही. सूसहून घोटावड्याला जाताना वाटभर डोक्यात एकच घोळत होतं. माझ्या बापाला आता माझं खरं कधीच पटणार नाही.

काय पटणार नाही, ते सांगायला हवं. अण्णा जवळच्याच एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली आणि तिच्यापायी साऱ्या जगावर नजर ठेवायला सुरुवात केली. तशी ती नजर आधीही होतीच. दूधवाला पाणी घालतो, पंपावरचा मीटर पळतो, टायरवाला खिळा स्वतःच मारतो. गाडी गॅरेजला द्यायची वेळ आली तर माझी कॉलेजातली नेलपॉलिश शोधून आधी प्रत्येक पार्टवर लाल ठिपका लावायचे आणि गाडी परत आली की चष्मा पुसून सगळे ठिपके तपासायचे. बरीचशी कामं तर ते घरीच करत. गुडघे गेल्यापासून डॅशबोर्डखाली वाकायचं काम आईकडे आलं होतं. अण्णा बाहेरून विचारायचे, ती टॉर्च घेऊन आत डोकं घालायची आणि काय दिसतंय ते सांगायची. तिनं सांगितलं की तो विषय संपला.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी मी ती गाडी नेली. धुऊनपुसून परत दिली, आणि त्याच आठवड्यात एसीतून गरम हवा यायला लागली. अण्णांना दमा. आमच्या रस्त्यावर डंपरची आणि कारखान्यांच्या गाड्यांची ही धूळ. काच खाली केली की त्यांची छाती भरायची. म्हणजे एसी नाही तर गाडी नाही. त्यात मी कधीतरी म्हणून गेले होते, अण्णा, आता गाडी विकून टाका. झालं! "तू गाडी नेली अन् एसी गेला. व्हय का न्हाई?" मी म्हटलं, "अण्णा, मी कशाला बिघडवू?" "ते तुलाच ठावं," म्हणाले आणि पाठ फिरवली.

मी सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांच्याबरोबर बॉनेटपाशी उभी राहायचे, निदान निर्दोष सुटावं म्हणून. एसी लावला की कॉम्प्रेसर टक् करून सुरू व्हायचा. जाड पाइप हाताला गार लागायचा, त्यावर पाणी सुटायचं. "म्हंजी गॅस हाय," अण्णा म्हणायचे, "गार व्हतंय, पन आत येत न्हाई." आतलं गार-गरम करायचं गोल बटण मला जरा जास्तच हलकं वाटायचं. त्या बटणाला मागून एक केबल असते, ती हवेची झडप ओढते; केबल सुटली की झडप गरमवरच अडकून राहते. अण्णांना हे माझ्याआधी सुचलेलं. "केबल बसलीय का बघ गं," त्यांनी आईला सांगितलं. आई वाकली, टॉर्च मारला आणि म्हणाली, "बसलीय." मग केबलचा प्रश्नच मिटला. गॅरेजवाला म्हणाला, डॅशबोर्ड खोलावा लागेल. अण्णा नुसते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि गाडी घेऊन घरी आले. डॅशबोर्डच्या आत ठिपके लावायला त्यांचा हात पोचत नव्हता.

गाडी अंगणात राहिली आणि संशय माझ्यावर. मी गेले की ते किल्ली उशाखाली सरकवत. जावई नुसता गाडीजवळून गेला तरी खिडकीत येऊन उभे राहत. मी चिडायचे, भांडायचे, मध्ये कित्येक आठवडे तर तिकडे फिरकलेच नाही. आई कधी मध्ये पडली नाही, ती आपली भाकरी थापत बसायची.

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी मी एका मेकॅनिकला घरीच बोलावलं. अण्णा नव्हते, पण खटला अजून माझ्यावर होता आणि मला निकाल हवा होता. त्यानं डावं दार उघडून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "ताई, केबल सुटलीय. आपोआप नाही सुटत ही. हिची क्लिप कुणीतरी काढून घेतलीय." क्षणात माझ्या डोक्यात गॅरेजवाला, शंकरतात्या, अगदी माझा नवराही येऊन गेला... शेवटी अण्णांचीच लेक मी. आई शेजारीच उभी होती. तिनं कनवटीची पिशवी सोडली, सुपारीच्या खांडांमधून एक छोटी क्लिप काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

मेकॅनिक गेल्यावर ती ओट्यावर बसून बोलली. "तू गाडी दिलीस ना, त्याच आठवड्यात आमी ताम्हिणीला गेलो व्हतो. येताना घाटात ह्यांचा डोळा लागला. समोरनं टेम्पो. मी ह्यांच्या हातातलं हँडल वढलं म्हणून घरी आलो. मंजीला सांगायचं न्हाई, अशी शपथ घातली मला. गाडी सोडा म्हणलं तर ऐकंनात. मग काय करनार व्हते मी?"

मला भयंकर राग आला, तो लपवायचं कारण नाही. मरेपर्यंत माझा बाप मला गुन्हेगार समजत राहिला, आणि हिला सगळं माहीत होतं. "मग 'मी काढली' म्हणून तूच सांगायचं होतंस ना त्यांना! माझ्यावर का येऊ दिलंस?"

आईनं शांतपणे पिशवीची नाडी ओढली. "तू लेक हायेस. तुझ्यावर संशय घेतला तरी तू येनार, भांडनार, पुन्ना येनार. माझ्यावर आला असता, तर त्यांनी कुनाच्या हातचं खाल्लं असतं?"



एसी आता छान चालतो. आईला दवाखान्यात न्यायचं असलं की मी तीच गाडी काढते. काचा बंद, गार हवा, आई डावीकडे बसलेली... आणि तिचा उजवा हात स्टिअरिंगपासून वीतभर अंतरावर, अर्धा उचललेला. "आई, मी झोपत नाही गं," मी म्हणते. "ठावं हाय," ती म्हणते. हात मात्र खाली घेत नाही.