नॉट प्राउड

आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात माणसाला नेमकं इंग्रजी विशेषण लावणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे आमच्या शेजारचे आप्पा. पुण्याच्या प्राध्यापकांनी त्यांच्या ओट्यावर येऊन शिकवणी लावावी, असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो. शिक्षण दहावी, धंदा भाजीपाल्याचा. पण सारखे दिसणारे दोन शब्द त्यांनी कधी एका पाटीत घातले नाहीत. स्थळासाठी बायोडाटा लिहून घ्यायला कुणी आलं की आधी मुलीचा फोटो बघणार, मगच शब्द देणार. "स्लिम म्हंजी शेवग्याची शेंग. थिन म्हंजी तिची साल. आन् स्किनी म्हंजी चघळून टाकलेली! बोल, काय लिव्हू?" एकदा बाजारच्या दिवशी ते फ्लेक्सच्या दुकानात शिरले, तर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बोर्डावर 'कनिंग लीडर' असं लिहिलेलं. आप्पांनी मशिनच थांबवलं. "क्लेव्हर छापा. कनिंग खरं आसलं, तरी छापायचं नसतंय."

त्यांचा खरा राग मात्र 'प्राउड'वर. प्राउड म्हणजे गर्विष्ठ, हे शाळेत घोकलेलं. आणि गर्वाचं घर खाली, हे घरात ऐकलेलं. त्यामुळे धाकटी लेक डिप्लोमाला पहिली आली, कारेगावजवळच्या कंपनीत मालाची क्वालिटी तपासायला लागली, तरी आप्पांनी तोंडानं कधी कौतुक केलं नाही. गल्लीत पेढे वाटले, तेही 'देवाची कृपा' म्हणून. पोरगी वाट बघून बघून गप्प झाली होती.

गेल्या वर्षी तिच्या कंपनीत फॅमिली डे होता. आप्पा मलाही घेऊन गेले. लेकीला सगळ्यांत चांगल्या इन्स्पेक्टरचं बक्षीस मिळालं. मोठ्या साहेबांनी आप्पांना स्टेजवर बोलावलं आणि माईकवरच म्हणाले, "यू मस्ट बी प्राउड, सर!"

आप्पा इंगळी डसल्यासारखे मागे सरले. "नो, नो सर! नॉट प्राउड! नेव्हर!"

हॉल हसला. लेक मात्र हातातल्या ट्रॉफीकडे बघत राहिली. आप्पा घराण्याची अब्रू वाचवल्याच्या थाटात येऊन माझ्याशेजारी बसले. मी त्यांच्या कानात म्हणालो, "आप्पा, गर्विष्ठ न्हाई म्हणलं साहेबांनी. पोरीचा अभिमान वाटत आसंल, आसं म्हणाले. आन् तुम्ही समद्यांदेखत न्हाई म्हणून आलात."

आप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. "गर्वाला आन् अभिमानाला एकच शब्द?"

"व्हय."

"काय भिकारडी भाषा हाय!" म्हणत ते उठले, ते थेट स्टेजवर. पुढचं नाव पुकारणाऱ्या साहेबांच्या हातातला माईक त्यांनी घेतला. "सॉरी सर. मिस्टेक. आय ॲम प्राउड. व्हेरी, व्हेरी प्राउड!" टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटं कशाला सांगू, पहिली टाळी माझी होती आणि ऊरही माझाच भरून आला होता.

परतताना जीपमध्ये लेक त्यांच्या शेजारी बसली होती. शिक्रापूर जवळ आलं तशी हळूच म्हणाली, "आप्पा, साहेबांना इंग्रजीत सांगितलंत. मला मराठीत सांगा की."

आप्पांनी घसा खाकरला. गावाला शब्द वाटणाऱ्या या माणसाला स्वतःच्या लेकीसाठी एक सापडेना. शेवटी म्हणाले, "माझी लेक हायेस तू," आणि बाहेरच्या उसाकडे बघत राहिले.

लेकीनं नुसती मान हलवली. एवढं ऐकायला तिला चोवीस वर्षं थांबावं लागलं होतं.