जस्ताची खुंटी

मुंबईहून परतणारी माणसं लोखंडी ट्रंक आणतात, फार तर ग्रामोफोन आणतात. नजीर मिस्त्री परतला तो बोटीचं डिझेल इंजिन घेऊन, आणि तेही दुसऱ्याच्या पैशानं. पैसा गावच्या मोठ्या शेतकऱ्याचा, शेषरावांचा. गावात कापसाचं जिन काढायचं त्यांच्या मनात होतं आणि मोडीत निघालेल्या लाँचचं इंजिन स्वस्तात मिळत होतं. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपूरहून चालायचा. नांदुऱ्याच्या स्टेशनावर ते धूड उतरवलं, चार बैलजोड्या लावल्या, आणि समुद्रात बारा वर्षं काढलेलं इंजिन पूर्णेपलीकडच्या काळ्या मातीत येऊन बसलं.

गाव गोड्या पाण्याच्या सोनाळ्याखाली चार कोसांवर, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात. विहीर कुठंही खोदा, पाणी खारं. डाळ शिजता शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. नवी सून पहिला घोट थुंकून टाकायची आणि सासरची माणसं हसायची. पाच वर्षांनी तीच दुसऱ्या सुनेला हसायची.

नजीरनं शेषरावांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "मालक, याले गोडं पाणी लागते. खारं देलं तं पोटात मिठाचा थर बसते, पाणी फिरत नाई, इंजिन तापून फुटते."

"काऊन बे, समुद्रात काय गोडं पेत होतं?"

"खारंच पेत होतं. पण तिथं दर महिन्याले आमी चार जण त्याचं पोट उघडून खरवडत होतो. इथं मी एकटा."

"म्हंजे माणसं खारं पेतीन अन् इंजिन गोडं पेईन?"

"हाव."

शेषराव हसले आणि मान्य झाले. नजीरनं मग आपणहून पाच माणसांसमोर जबान दिली की इंजिनाच्या गोड्या पाण्यातला एक घोटसुद्धा कोणाच्या तोंडी जाणार नाही, त्याच्या स्वतःच्याही नाही. कोणी मागितली नव्हती. पण जबान देणं हा नजीरचा शौक होता, आणि दिलेली पाळणं हा त्याहून मोठा.

जिनाच्या भिंतीला लागून सिमेंटचा हौद बांधला आणि पाणी कुठवर हवं ते दाखवायला आतून लाल रेघ ओढली. इंद्रभान गाडीवान दिवसाआड सोनाळ्याहून दोन पिंपं पाणी आणून त्यात ओती. पंप ते पाणी इंजिनाच्या पोटातून फिरवी आणि गरम झालेलं पाणी नळीवाटे परत हौदात पडे. नजीर त्या धारेखाली हात धरून पाच आकडे मोजायचा. पाचपर्यंत हात टिकला की इंजिन खुशाल. शिवाय बोटीवरची एक सवय त्यानं सोडली नव्हती. इंजिनाच्या पोटात जस्ताची एक खुंटी बसवलेली असे. खारं पाणी आधी जस्त खातं, लोखंडाला मग शिवतं. गोड्या पाण्यात तिची तशी गरज नव्हती, पण नजीर दर महिन्याला ती काढून बघायचा आणि जशीच्या तशी परत ठोकायचा.

तिसऱ्या वर्षी, भादव्यात, त्याच्या बायकोचे, खैरुन्निसाचे, पाय सुजले. मग सकाळी डोळ्यांखाली सूज दिसू लागली. नजीर तिला गाडीत घालून तालुक्याच्या गावी, जळगावच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं बाटलीभर औषध दिलं आणि म्हणाला, औषधापेक्षा पाणी महत्त्वाचं आहे. खारं पाणी बंद करा. गोडं मिळालं तर ही बाई जगेल.

नजीरनं महिनाभर खांद्यावर कावड घेऊन सोनाळ्याच्या वाऱ्या केल्या. चार कोस जाणं, चार कोस येणं. त्याचं प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. पण दिवाळी झाली, कापूस आला, जिन सुरू झालं. दिवस उगवण्यापासून मावळेपर्यंत इंजिनापासून हलता येईना आणि कावड कोपऱ्यात उभी राहिली. इंद्रभाननं गाडीत एखादी घागर जास्त आणली असती, पण दोन पिंपांपलीकडं त्याच्या म्हाताऱ्या बैलांना ओढवत नव्हतं. शेषरावांकडं तोंड उघडलं असतं तर ते नाही म्हणाले नसते. पण मागायचं कसं? जबान दिलेली होती. खैरुन्निसाला नवरा पुरता ओळखीचा होता. तिनं त्याला त्या पेचातून सोडवलं. एके दिवशी तीच म्हणाली, "आता मले बरं वाटते. औषध लागू पडलं."

खोटं होतं ते. पण पंधरा दिवसांत खरं झालं. तिच्या पायांची सूज उतरली आणि चेहरा पहिल्यासारखा दिसू लागला. नजीर खूश होऊन दुसरी बाटली घेऊन आला.

औषधानं काही केलं नव्हतं. दुपारी भाकर घेऊन येताना खैरुन्निसा डोक्यावर विहिरीच्या पाण्याची घागर आणायची, नवऱ्याला वजू करायला, नमाजीआधी हातपाय धुवायला म्हणून. तो लोटाभर पाणी घेई, भिंतीआड जाई आणि जोहरची नमाज पढू लागे. नमाजीत नजीर मागं वळून बघणारा नव्हता. तेवढ्या वेळात ती आपलं खारं पाणी हौदाच्या एका कडेला ओती, म्हणजे लाल रेघेखाली पाणी जायला नको, आणि दुसऱ्या कडेहून घागरभर गोडं पाणी काढून घेई. घागर भरलेली येई, भरलेली जाई. इंद्रभाननं बघितलं होतं, सरकी वेचणाऱ्या बायकांनी बघितलं होतं. सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

पौषात धारेखाली नजीरचा हात तीनपर्यंतच टिकला. चार दिवसांनी दोन. त्यानं पंपाचं चामडं बदललं, जाळी धुतली, पट्टा ताणून बघितला. जबान मोडू नये म्हणून घोट न घेता हौदातलं पाणी बोटानं नुसतं जिभेला लावलं. गोडंच लागलं. लहानपणापासून खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या जिभेला तेवढं मीठ कुठलं कळायला! शेवटी त्यानं जस्ताची खुंटी काढली. बोटभर खुंटी उंदरानं कुरतडलेल्या खडूगत झाली होती.

मग सगळं लख्ख कळलं. हौदात खारं पाणी पडतंय. म्हणजे कोणीतरी गोडं काढतंय आणि रेघ राखायला खारं ओततंय. इंजिनाचं पोट उघडलं तर आत पांढरा थर, नखाएवढा जाड. दोन दिवस जिन बंद ठेवून त्यानं तो छिन्नीनं खरवडला. कारागीर म्हणून त्याचं निदान तंतोतंत बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळी माणसं अंगणात भाकरी सोडत असताना, तो ओट्यावर उभा राहिला. रागानं त्याचा आवाज फाटला होता.

"ज्यानं माह्या हौदातलं पाणी चोरलं त्याच्या अंगात हेच पाणी भरो! फुगून मरो तो!"

खैरुन्निसा भाकरीचं टोपलं घेऊन फाटकात उभी होती. तिनं टोपलं खाली ठेवलं, डोक्यावरची घागर उतरवली आणि त्याला वजूचं पाणी दिलं. त्याच संध्याकाळी हौदावर फळ्यांचं झाकण बसलं आणि त्याला कुलूप. किल्ली नजीरच्या कमरेच्या करगोट्याला.

इंजिन थंड झालं. हात पुन्हा पाचपर्यंत टिकू लागला. शेषरावांनी चार जणांत नजीरची पाठ थोपटली.

माघ सरता सरता खैरुन्निसाला चप्पल घालता येईना. नजीरनं औषधाच्या दोन बाटल्या आणल्या, मग आणखी दोन. ती मुकाट्यानं प्यायची. तो विचारायचा, "आधी तं याच औषधानं उतरली होती सूज. आता काऊन नाई उतरत?" ती म्हणायची, "उतरन. तुमी कामावर जा."

शेवटी इंद्रभानला राहवलं नाही. पिंपं रिकामी करून तो नजीरसमोर उभा राहिला.

"मिस्त्री, मले तिनं कुराणाची शपथ घातली होती. माहा देव येगळा, मोडली तं मोडली. तुमची चोर तुमच्या घरात निजून हाय."

नजीरला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो हौदाशी गेला, पण करगोट्याची किल्ली सोडत बसला नाही. त्यानं घणाचा एक घाव घालून कुलूप फोडलं, घागर बुडवली आणि चालतं इंजिन तसंच टाकून घराकडं धावला.

त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेला तोंडाला लावला. तिनं चव ओळखली.

"तुमची जबान?" तिनं विचारलं.

"जळली ती जबान! तू मले सांगतलं काऊन नाई वं?"

"सांगतलं असतं तं तुमाले मागावं लागलं असतं."

त्यानं तोंड झाकून घेतलं आणि लहान पोरासारखा रडला. शापाचं तिनं नाव काढलं नाही. त्यानंही काढलं नाही, कारण ते शब्द परत तोंडात घेण्याची त्याची छाती नव्हती. आठ दिवस तो रोज गोडं पाणी देत राहिला. पण दोन घोटांवर तिला जाईना, आणि नवव्या दिवशी तेही गेले नाहीत.

मयतीला न्हाऊ घालायला शेजारची बिस्मिल्ला आली होती. ती दारात येऊन म्हणाली, "पाणी पाह्यजे." नजीर उठला आणि हौदाच्या वाटेनं चालू लागला. अकरा घागरी त्यानं एकट्यानं वाहिल्या. कोणाला हात लावू दिला नाही. लाल रेघ उघडी पडली, पाणी पंपाच्या नळीखाली गेलं, आणि जिन त्या दिवशी बंद राहिलं. शेषराव येऊन हौद बघून गेले.

पुढच्या हंगामात नजीर त्यांच्यासमोर उभा राहिला. "मालक, इंजिनाले खारंच पाजतो. पोट मी खरवडीन. सोनाळ्याचं पाणी गावातल्या बिमार माणसाईले अन् पोटुशा बायकाईले द्या." शेषराव "बरं" म्हणाले. तेव्हापासून दर जुम्म्याला नमाज झाली की तो इंजिन उघडून बसे. छिन्नीचा आवाज संध्याकाळपर्यंत गावात ऐकू येई. जस्ताची खुंटी आता महिनाभरात संपायची. तो नवी ओतून ठोकी आणि उरलेलं थोटूक घरी नेऊन कोनाड्यात ठेवी, तिच्या काचेच्या बांगड्यांशेजारी.

चौदा वर्षं त्यानं अशी काढली. स्वतः विहिरीचंच पाणी प्यायला. मग त्याचेही पाय सुजले. म्हातारा झालेला इंद्रभान एक घागर घेऊन त्याच्या खाटेशी आला.

"मिस्त्री, आता तरी सोनाळ्याचं पाणी प्या."

नजीरनं मान हलवली. "ने ते. कोण्या लेकुरवाळीले दे. त्या दिवशी माहा शाप चुकीच्या माणसाले लागला होता, इंद्रभान. आता नीट जागी लागून राह्यला, लागू दे."

इंद्रभान घागर उचलून परत गेला.